संडासचा कलर बदलला तर आधी काय बघायचं आणि कधी पळायचं

कोल्हापुरात पोटाचं काहीही झालं की निदानं ठरलेली असतात. एक तर तांबडा रस्सा जास्त झाला, नाहीतर अंगात उष्णता वाढली. शी लाल दिसली तर मूळव्याध, काळी दिसली तर काहीतरी खाल्लं असेल, बास, विषय संपला. मी लॅबमध्ये काम करतो, रोज सकाळी सॅम्पल घेऊन येणारी माणसं बघतो. पांढरा रस्सा कुठला भारी यावर तासभर बोलेल असा माणूस ती एवढीशी डबी पेपरात गुंडाळून, वर कॅरीबॅग, त्यावर अजून एक कॅरीबॅग अशी काउंटरवर ठेवतो आणि रस्त्याकडं बघत उभा राहतो. काय होतंय विचारलं तर "काय नाही, जरा पोट बिघडलंय" एवढंच. त्यामुळं म्हटलं एकदा नीट लिहूया. मी डॉक्टर नाही, निदान सांगणार नाही, पण काय बघायचं, काय आठवायचं, किती थांबायचं आणि कधी अजिबात थांबायचं नाही एवढं सांगतो.

आधी हे समजून घ्या की तपकिरी कलर येतो कुठून

रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग मोडीत निघतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. लिव्हर ते पित्तरसात टाकतं, पित्तरस पित्ताशयात साठतो आणि जेवलं की नळीतून आतड्यात उतरतो. पुढं मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या बिलिरुबिनवर काम करतात आणि शेवटी जो पदार्थ बनतो, स्टर्कोबिलिन, त्याचा कलर तपकिरी. म्हणजे खाल्लेलं काहीही असलं तरी कलर मुख्यतः या पित्तरसाचा असतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतंय. पित्तरस उतरलाच नाही तर शी पांढरी, आतड्यातून अन्न घाईनं पळालं तर जिवाणूंना वेळ मिळत नाही म्हणून हिरवी, आणि वाटेत कुठं रक्त मिसळलं तर काळी किंवा लाल.

फिका तपकिरी, गडद तपकिरी, थोडा पिवळसर, थोडा हिरवट, हे सगळं नॉर्मलच. रोज एकच शेड यावी असा काही नियम नाही.

पायरी १: बघा तर आधी

लई जण बघतच नाहीत. फ्लश दाबला की मोकळे. देशी संडासात निदान दिसतंय तरी, कमोडमध्ये पाण्यात पडल्यावर कलर पसरतो आणि थोडंसं रक्तसुद्धा सगळं पाणी लाल करून घाबरवतं. पाणी निळं करणारी वडी टाकलेली असेल तर हिरव्या-काळ्याचा काही भरोसाच नाही, पिवळा बल्ब असेल तरी कलर फसवतो. शंका आली तर पांढऱ्या उजेडात बघा, मोबाईलचा टॉर्च चालतो, आणि सरळ एक फोटो काढून ठेवा. हसू नका, डॉक्टरला "काळपट होती म्हणजे अशी जरा डार्क" हे ऐकण्यापेक्षा फोटो बघितलेला कधीही बरा वाटतो.

कलरसोबत अजून तीन गोष्टी बघायच्या: घट्ट का पातळ, चिकट आहे का (पाणी टाकून जात नाही अशी), आणि वास नेहमीचा का वेगळाच. घट्ट-पातळ सांगायला डॉक्टर लोक ब्रिस्टल चार्ट वापरतात, त्यात ७ प्रकार आहेत, १ नंबर म्हणजे सुटे कडक खडे आणि ७ नंबर म्हणजे नुसतं पाणी, ३-४ मध्ये असलात तर उत्तम. नेटवर चित्र सापडतंय, ते बघून नंबर सांगितला की लाजायचा प्रश्नच मिटला, "सर, सहा नंबर चाललीय तीन दिवस."

पायरी २: मागच्या दोन-तीन दिवसांत काय खाल्लं ते आठवा

आज सकाळचा कलर हा काल रात्रीच्या जेवणाचाच असतो असं नाही. खाल्लेलं बाहेर यायला कुणाला एक दिवस लागतो, कुणाला तीन. आपला वेळ किती हे बघायचं असेल तर वाटीभर बीट खा आणि लाल कधी दिसतंय ते बघा. पण हे करताना घरात सांगून ठेवा, नाहीतर बीट खाल्लेलं विसरून रात्री अकराला डॉक्टरला फोन करणारे असतात.

कलर बदलणारी नेहमीची मंडळी अशी. मेथी, शेपू, पालक दाबून खाल्ला की हिरवी. वाढदिवसाच्या केकवरचं ते गडद निळं क्रीम खाल्लं की पोरांची दुसऱ्या दिवशी हिरवीगार, कारण निळ्यात पित्तरसाचं पिवळं मिसळतंय. बीट आणि आतून लाल असलेलं ड्रॅगन फ्रूट खाल्लं की लालसर-जांभळी. जांभळं भरपूर खाल्ली की काळपट. गाजर-पपई जास्त झाली की केशरीकडं झुकते. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे रक्ती. रविवारी रक्ती-मुंडी हाणली तर सोमवारी-मंगळवारी शी काळी दिसू शकते, कारण ते पण रक्तच आहे, बकऱ्याचं असलं म्हणून काय झालं.

तांबड्या रस्श्याचं वेगळं सांगतो कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त आळ येतो. मिरचीतलं कॅप्सेसिन सगळं पचत नाही, ते खालपर्यंत जातं आणि तिथं आग करतं, ते खरं आहे. कट जास्त घेतला तर मिरचीच्या सालीचे लाल तुकडे, टोमॅटोची साल, थोडी लालसर झाक, हे पण दिसतं. पण थेंब थेंब ताजं रक्त, कागदाला किंवा फरशीवर लागणारं, हे रस्श्यानं येत नाही. तिखट खाऊन आधीच असलेली मूळव्याध किंवा संडासच्या जागेची चीर (फिशर) उचकटू शकते, तेवढंच. त्यामुळं रक्त दिसलं की "काल मिसळ खाल्ली होती" म्हणून विषय मिटवायचा नाही.

खाण्यानं आलेला कलर ते खाणं थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत जातो. नाही गेला तर खाणं कारण नाही, पुढं वाचा.

पायरी ३: गोळ्यांचं पाकीट बाहेर काढा

रक्तवाढीची गोळी, म्हणजे लोहाची, हे काळ्या शीचं सगळ्यात कॉमन कारण. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्या मिळतात, त्या सुरू केल्या की शी काळी-हिरवट होते आणि मग सासू म्हणते "ह्या गोळ्या बाधल्या गं तुला, बंद कर". बंद करू नका. ते नॉर्मल आहे, न शोषलेलं लोह बाहेर पडतंय एवढंच. बद्धकोष्ठ होत असेल तर डॉक्टरला सांगा, ते गोळी बदलून देतील, पण स्वतःहून बंद नको.

अॅसिडिटीचं ते पांढरं पातळ औषध ज्यात अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, त्यानं शी फिकट होऊ शकते. बेरियम पाजून एक्सरे काढला असेल तर दोन-तीन दिवस पांढरी, ठीक आहे. अँटिबायोटिकनं आतड्यातले जिवाणू कमी होतात म्हणून पिवळी-हिरवी. टीबीची रिफाम्पिसिन लघवी केशरी करते, लोक त्यालाच कावीळ समजून घाबरतात.

आणि आता महत्त्वाचं. अंगदुखीच्या गोळ्या. ऊसतोडीची माणसं, तालमीतली पोरं, गुडघे दुखणाऱ्या आज्या, सगळे मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतात, चिठ्ठी नाही काही नाही, उपाशीपोटी चहाबरोबर. या गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी करतात, अल्सर होतो आणि त्यातून रक्त झिरपतं. दुखत पण नाही कधी कधी, कारण गोळी दुखण्याचीच आहे ना. पहिली खूण मिळते ती काळी शी. हार्टसाठी रोजची अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्यांनी पण हे लक्षात ठेवा, फक्त ती गोळी आपली आपण बंद करू नका, स्टेंट बसवलेल्या माणसानं तर अजिबात नाही, त्याच दिवशी डॉक्टरला विचारा.

पायरी ४: काळी, ही नीट ओळखायला शिका

लोहाच्या गोळीची काळी आणि रक्ताची काळी यात फरक आहे. गोळीची काळी हिरवट झाक असलेली, बांधलेली, वास नेहमीसारखा. रक्ताची काळी म्हणजे डांबर: चकचकीत, चिकट, भांड्याला धरून बसणारी, पाणी टाकलं तरी लवकर न जाणारी, आणि वास इतका घाण की एकदा घेतला की विसरत नाही. लॅबमध्ये झाकण उघडायच्या आधीच कळतंय. रक्त जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरवातीला सुटलं आणि पूर्ण आतडं फिरून आलं की असा कलर येतो. याला लई रक्त लागत नाही, ५० ते १०० मिली पुरतं, म्हणजे अर्धा कप.

कारणं: अल्सर, जो गोळ्यांनी होतो किंवा एच पायलोरी नावाच्या जिवाणूनं. पूर्वी अल्सर टेन्शननं आणि तिखटानंच होतो असं डॉक्टर पण मानायचे, मग बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोघांनी हा जिवाणू दाखवून दिला आणि त्यांना २००५ साली नोबेल मिळालं. याचा चांगला भाग म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स केला की मूळ कारणच जातं. दुसरं कारण दारू, किंवा कशानंही खराब झालेलं लिव्हर. त्यात अन्ननळीच्या शिरा फुगतात आणि फुटतात, ते फार डेंजर.

डांबरी काळी आणि सोबत चक्कर, घाम, धडधड, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी असं असेल तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. पेशंटला टू-व्हीलरवर मधे बसवून नेऊ नका, चक्कर येऊन पडतो. आणि निघताना ज्या गोळ्या चालू आहेत त्यांची पाकिटं पिशवीत टाका.

पायरी ५: लाल

लालमध्ये बघायचं रक्त कुठं आहे. शी झाल्यावर शेवटी थेंब पडले, किंवा वरून रेघ लागली, तर बहुतेक वेळा मूळव्याध किंवा चीर. मूळव्याधीचं रक्त सहसा न दुखता येतं, चिरेचं मात्र ब्लेड फिरवल्यासारखं दुखतं आणि नंतर तासभर ठणकतं. रक्त शीमध्ये मिसळलेलं, सोबत शेंबडासारखी आव, ताप, पोटात कळा, तर ती रक्ताची आव, तिला औषध लागतं. काळपट-मरून असेल तर रक्त अजून वरून येतंय. हे आठवडे-महिने चालू राहिलं, परत परत येत असेल तर आतड्याची सूजही असू शकते, आणि ती तरुण पोरांना पण होते.

माझं स्पष्ट मत सांगतो. "मूळव्याधच आहे" या वाक्यानं जेवढा उशीर होतो तेवढा दुसऱ्या कशानं होत नाही. बोर्ड बघून एखाद्या ठिकाणी जायचं, क्षारसूत्र का लेसर यावर भाव करायचा, पण आत बोट घालून तपासणी नाही, कॅमेरा नाही. मूळव्याध खरंच असते, पण ती असताना वर मोठ्या आतड्यात गाठ पण असू शकते, एक असलं म्हणून दुसरं नसतंय असं नाही. वय ४५ च्या पुढं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला, वजन कमी झालंय, संडासची सवय बदललीय (कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, शी बारीक होणं, पोट साफ झाल्यासारखं न वाटणं), किंवा पुरुषाचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय कमी आलंय, यातलं काहीही असेल तर कोलोनोस्कोपीबद्दल (कॅमेऱ्यानं मोठं आतडं आतून बघायची तपासणी) स्वतःहून विचारा. अमेरिकेत तर २०२१ पासून काही त्रास नसला तरी ४५ व्या वर्षी तपासणी सुरू करा असं सांगतात. आपण निदान त्रास असताना तरी करू.

पायरी ६: पांढरी, फिकट, शाडूच्या मातीसारखी

हिच्यात घाबरवणारं काही दिसत नाही, रक्त नाही, दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि नेमकं तेच चुकतंय. पांढरी म्हणजे पित्तरस आतड्यात पोचतच नाही. अँटासिड नाही, बेरियम नाही, तरी पांढरी, तर लगेच लघवी बघा. लघवी गडद चहासारखी आणि डोळे पिवळे, अंगाला खाज, म्हणजे कावीळ, आणि अडथळा कुठंतरी आहे. पित्ताचा खडा नळीत अडकलेला असेल, लिव्हरला सूज असेल, किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याला गाठ असेल. शेवटच्यात दुखत नाही बऱ्याचदा, नुसती कावीळ वाढत जाते.

आपल्या जिल्ह्यात कावीळ नवीन नाही. इचलकरंजीत २०१२ साली कावीळीची मोठी साथ आली होती, दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई ची. पंचगंगेला पूर आला, पाइपलाइनमध्ये घाण शिरली की ही भीती असतेच, म्हणून पावसाळ्यात पाणी उकळूनच. हा प्रकार बहुतेकांचा आपोआप बरा होतो, पण गरोदर बाईला, खास करून शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकतो. आणि आपल्याकडं काय करतात, कावीळ म्हटलं की माळ घालायची, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं झालेलं दाखवायचं, नाकात थेंब सोडायचे. आपोआप बरी होणारी कावीळ त्यानं बरी झाल्यासारखी वाटते, आणि खडा किंवा गाठ असलेल्याचे महिने वाया जातात. माळ घालायचीच असेल तर घाला बाबा, पण आधी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी करा.

पायरी ७: बाळाची

जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस काळी-हिरवी चिकट, ती नॉर्मल. मग अंगावरच्या दुधावर मोहरीसारखी पिवळी, दाणेदार, पातळ. हिरवी झाली तरी बाळ पीत असेल, वजन वाढत असेल तर काही नाही.

पांढरी किंवा एकदम फिकट मात्र कधीच नॉर्मल नाही, "दूध पितंय म्हणून पांढरी" हे अजिबात खरं नाही. कावीळ १४ दिवसांनंतर पण राहिली आणि शी फिकट असेल तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. बिलिअरी अॅट्रेसिया नावाचा आजार असतो, पित्तनळीच बंद पडलेली असते, त्याचं कासाई ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालं तर गुण येण्याचा चान्स जास्त. तैवानमध्ये २००४ पासून आईच्या हातात कलरचं कार्डच देतात, लंगोटाशी लावून बघायला. आपल्याकडं कार्ड नसेल तर लंगोटाचा उजेडात फोटो काढा, रोज एक, तारीख आपोआप पडतेच.

हिरवी आणि पिवळी, थोडक्यात

हिरवी पातळ म्हणजे जुलाब, अन्न घाईनं निघालंय. इथं कलरपेक्षा पाणी महत्त्वाचं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, पाकीट नसेल तर एक लिटरमध्ये सपाट ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मोजून, अंदाजानं नाही. लहान मुलांना जुलाबात झिंक १४ दिवस देतात, डोस डॉक्टरला विचारून. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिऊन पोट बिघडत असेल तर कधी दूध पचत नसतंय आणि कधी न उकळलेल्या दुधातले जंतू असतात, दोन्हीला उपाय तेवढ्यापुरता तो कट्टा टाळणे. अवघड आहे, मान्य.

पिवळी, तेलकट, ढीगभर, घाण वासाची, धुतली तरी तवंग राहणारी असेल तर चरबी पचत नाही. जिआर्डिया नावाचे पोटातले जंतू, गव्हाची अॅलर्जी म्हणतात तो सिलिअॅक, किंवा दारूनं खराब झालेलं स्वादुपिंड, यातलं काय ते तपासून कळतं. नुसती तरंगते म्हणून घाबरू नका, ते बऱ्याचदा गॅसमुळं असतंय.

पायरी ८: तपासणीला येताना

डबी मेडिकलमधून स्वच्छ घ्या, लोणच्याची बाटली धुवून आणू नका. झाकणाला चमचा असतो, त्यानं अक्रोडाएवढी पुरे, काठोकाठ भरू नका, झाकण उडतं आणि मग आमचे हाल. लघवी किंवा संडासचं पाणी मिसळू द्यायचं नाही, कागद किंवा कोरडं भांडं खाली धरा. आव, रक्त दिसत असेल तर तोच भाग घ्या. तासा-दोन तासांत पोचवा. नाव आणि वेळ डबीवर लिहा, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात.

लपलेलं रक्त बघायची टेस्ट, ऑकल्ट ब्लड, लिहून दिली असेल तर आधी विचारा कुठल्या पद्धतीची. जुन्या पद्धतीच्या टेस्टला तीन दिवस मटण, रक्ती, मुळा, व्हिटॅमिन सी च्या गोळ्या बंद लागतात, म्हणजे रविवार गाठून यायचं नाही, गुरुवारी-शुक्रवारी या. एफआयटी नावाची नवीन पद्धतीची टेस्ट असेल तर ती फक्त माणसाचं रक्त पकडते, पथ्य नाही. पाळी चालू असताना दोन्ही नको.

आणि डॉक्टरनं सोबत पोटाची सोनोग्राफी सांगितली असेल तर सहा-आठ तास उपाशी या, पित्ताशय भरलेलं असलं तरच खडा नीट दिसतो. चहा पण नाही. "अर्धाच कप घेतला होता" म्हणणाऱ्यांना पण परतच पाठवतात.